सोळा इंच की वीस इंच?

स्क्रोल सॉ, म्हणजे वर-खाली पळणाऱ्या बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं मशीन. ते असणारी माणसं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो इंचांचा. पात्यापासून मागच्या खांबापर्यंत जागा किती? माझ्या मशीनला सोळा इंच. लातुरात राहून सोळा हा आकडा अपुरा वाटावा, हेही नवलच. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि त्यांत अख्ख्या शहराचा बाजार मावतो. माझ्या डोक्यात मात्र सध्या वीस इंच बसलेत.

डीवॉल्ट कंपनीच्या ७८८ या स्क्रोल सॉची जाहिरात रोज रात्री उघडून बघतो. वीस इंच जागा, मिनिटाला ४०० ते १७५० फेऱ्यांचा वेग. एवढ्या वेगाचं मी करणार काय? सागवानात पातं जरा जोरात पळवलं की कड काळी पडते आणि भुश्शाला जळका वास येतो. पण आकडा वाचायला बरा वाटतो.

मग गणिताच्या मास्तरानं करायचं तेच केलं, वही काढली. फळी पात्याभोवती पुरी फिरायची असेल, तर तिचा कर्ण मागच्या जागेपेक्षा मोठा नको. ९ बाय १२ च्या पाटीचा कर्ण १५. म्हणजे दारावरच्या नावाच्या पाट्या सोळा इंचात खुशाल फिरतात, अगदी कोपऱ्यातलं अक्षरसुद्धा. १२ बाय १६ चा कर्ण बरोबर २०. गवंडी पायाचा काटकोन तीन-चार-पाचच्या मापानं धरतात, तेच हे त्रिकूट तिप्पट-चौपट होऊन माझ्या खिशावर उठलं होतं. आणि १२ बाय १६ मला लागतं कधी? भादव्यात, महालक्ष्म्यांच्या मखराला. वर्षातून एकदा.

सागवानाच्या फळ्या ज्यांच्याकडून घेतो ते मिस्त्री सरळ म्हणाले, "सर, चांगलं चालू मशीन कामून बदलायलाव?" त्यांच्या हातात अजून पटाशी आणि रंधा. त्यांना काय सांगणार?

खरी कटकट इंचांची नाहीच. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे, अष्टकोनी. तिच्यासारखी नक्षी लाकडात उतरवायची माझी फार दिवसांची हौस. जाळी म्हणजे भोकं. प्रत्येक भोकासाठी ताण सैल करा, पात्याचं वरचं टोक सोडवा, ते खालून भोकात ओवा, पुन्हा आवळा, ताण द्या. माझ्या मशीनवर ही सगळी कसरत ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी किल्लीनं, दर भोकाला दोनेक मिनिटं. ८० भोकांच्या जाळीला १६० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेतीन तास नुसतं सोडणं-आवळणं. महागड्या मशीनला बोटांनी फिरवायची मूठ असते, अर्ध्या मिनिटात काम. हातानं सावकाश करण्यात गोडी असते असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी एकदा माझी ॲलन की फिरवून बघावी. त्यात कसलीही साधना नाही. कापण्यात आहे, ती वेगळी.

पिनेचं पातं चढवणं सोपं, पण आडवी पिन जायला भोक चांगलं पाचेक मिलिमीटरचं पाडावं लागतं. फुलाचा डोळा तेवढ्यातच संपतो. बिनपिनेचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं. नाजूक जाळीला तेच पाहिजे, आणि ॲलन की त्यालाच लागते. म्हणजे हिशोब असा निघाला की पैसे घालायचेच तर पातं धरणाऱ्या चिमट्यावर घालावेत, लांबीवर नाही. बोटांनी आवळायचे चिमटे सुटे मिळाले आणि माझ्या मशीनला बसले, तर निम्मं दुखणं तिथंच गेलं. मशीनची थरथर तेवढी उरते. तिच्यासाठी मशीन जड टेबलाला नटबोल्टानं आवळून खाली रबर घालायचं. त्याला खर्च असा काही नाही.

हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. तिनं वही बघितली आणि विचारलं, "मग घ्यायचं नाही ना?"

तसं मी म्हटलेलं नाही. चिमटे आधी मागवतो. यंदाच्या मखराची १२ बाय १६ ची जाळी १२ बाय ८ च्या दोन फळ्यांत कापायची. एकेकीचा कर्ण साडेचौदाच्याही आत. मधला जोड उभ्या पट्टीखाली जाईल. जाहिरात बघणं मात्र चालूच आहे, त्याला कुठं कर्ण लागतो?