आमची वाटचाल : थ्री-प्लस-वन केबलपासून डबलटेपपर्यंत

आमचा सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा धंदा थ्री-प्लस-वन केबलच्या (चित्र आणि वीज एकत्र नेणाऱ्या) ९० मीटरच्या रोलवर उभा राहिला. कॅमेऱ्याच्या टोकाला बीएनसी (चित्राचा जोड) आणि डीसी पिन (विजेचा), दुसऱ्या टोकाला चित्रण साठवणारा डीव्हीआर आणि १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय. कॅमेरा घरच्या घरी लावता येईल का, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला वायफाय कॅमेरा डबलटेपने पंधरा मिनिटांत भिंतीला चिकटतो. म्हणून फोनवर आम्ही आधी घर कसं आहे ते विचारतो, आणि गरज नसेल तर तसं सांगून टाकतो.

भाड्याचं वन-आरके किंवा वन-बीएचके, एकच दार, राउटर त्याच खोलीत, जवळ प्लग पॉइंट. इथे आम्हाला बोलावू नका. एक फिरता कॅमेरा, हाय-एन्ड्युरन्स प्रकारचं १२८ जीबी कार्ड आणि दाराला मॅग्नेट सेन्सर (दार उघडलं की कळवणारा), एवढं पुरतं. साधं मोबाइलचं कार्ड घालू नका. सतत लिहून लिहून ते लवकर बसतं. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलं असेल तर सेटअप अडकतो. तेवढ्यापुरती नावं वेगळी करा. सेटअप राउटरशेजारी उरका, मग कॅमेरा जागेवर न्या. मध्ये आरसीसीची भिंत किंवा लोखंडी कपाट आलं की सिग्नल पडतोच.

मॅग्नेट सेन्सर बिजागरीच्या बाजूला लावू नका, कुलपाच्या बाजूला लावा. दोन तुकड्यांत साधारण ५ मिलिमीटर फट ठेवा. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, तेव्हा चिकटून बसवलेले तुकडे घासून निघतात. दार सुकलं की फट वाढते आणि फुकटचा भोंगा वाजतो. लोखंडी सेफ्टी डोअर चुंबकाचा जोर खातं, तिथे मध्ये प्लास्टिकची जाड पट्टी हवीच. मोशन सेन्सर दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, उन्हाकडे आणि एसीकडे तोंड न करता. तरी पाल त्याच्या काचेवर बसली की अलार्म वाजणारच. काच अधूनमधून पुसत राहा.

स्वतः बसवणाऱ्यांचा खरा घात डोअरबेलवर होतो. परदेशी बनावटीच्या बऱ्याच वायरवाल्या व्हिडिओ बेलना १६ ते २४ व्होल्ट एसी लागतो. आपल्याकडे बेलच्या बटणामागे सरळ २३० व्होल्ट असतात. जोडली की बेल जळते, आणि हात लागला तर त्याहून वाईट. बॅटरीवाली घ्या, नाहीतर वायरमनकडून ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. डिजिटल कुलपाचंही मोजून घ्या: दाराची जाडी, आणि सेफ्टी डोअर व मुख्य दार यांच्यातली जागा. हँडल सेफ्टी डोअरला अडलं तर दार पुरतं बंदच होत नाही.

घराबाहेर, बाल्कनीत किंवा चारपेक्षा जास्त कॅमेरे असतील तर मात्र काम वायरचं होतं. 'दिवसा चित्र छान, रात्री कॅमेरा बंद-चालू होतो' ही तक्रार आली की आम्ही कॅमेऱ्याला हात लावत नाही. अंधारात कॅमेऱ्याचे आयआर (रात्री पाहण्यासाठीचे, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे) दिवे पेटतात, करंट वाढतो आणि लांब, बारीक वायरवर १२ व्होल्टचे दहा होतात. म्हणून लांबच्या कामाला आम्ही पीओई, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज, वापरतो. त्यात सुमारे ४८ व्होल्ट जातात, घट कमी जाणवते. मर्यादा १०० मीटरची. मात्र केबल अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि तिथेच सगळं बिघडतं.

दादर, वरळी, वर्सोवा या पट्ट्यात खारी हवा जोडांना हिरवं करते. तिथे स्टेनलेस स्क्रू, बंद जंक्शन बॉक्स, जोडावर रबराची स्वतःत मिसळणारी टेप. भिंतीतलं छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं आणि वायर आत जाण्यापूर्वी तिला खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी झोक्यावरून गळून जातं. आयपी६६ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी कॅमेऱ्याच्या शेपटीवरचे जोड वॉटरप्रूफ नसतात. ग्रिलच्या मागे किंवा काचेआड कॅमेरा ठेवला तर रात्री आयआर परत फिरून चित्र पांढरं होतं. कबुतरांचं काय करावं, हे आम्हाला अजून जमलेलं नाही.

हार्ड डिस्कचा हिशेब सोपा आहे. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेरे सतत चालले तर १ टीबी अकरा-बारा दिवसांत भरते. महिनाभर हवं असेल तर ३ टीबी धरा. लाइट गेल्यावर राउटर बंद पडला तर मोबाइलवर काहीच दिसत नाही. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा.

पॅसेजमध्ये कॅमेरा लावायचा तर आधी सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी, आणि शेजाऱ्याच्या दारावर रोख नाही.

कोटेशन घेताना केबल मीटरवर आणि मजुरी कॅमेऱ्यावर, अशी वेगवेगळी लिहून मागा. काम झाल्यावर ॲप तुमच्याच मोबाइल नंबरवर, मालक म्हणून उघडून घ्या. बसवणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर जोडून तुम्हाला नुसतं शेअर केलं असेल, तर पुढे तो फोन उचलेना झाल्यावर ते सोडवायला कंपनीकडे बिल घेऊन जावं लागतं. ॲडमिन पासवर्ड त्याच्यासमोर बदला आणि डीव्हीआरचा मूळ पासवर्ड अजून चालत तर नाही ना, तेही तिथेच टाकून पाहा.