पंखातली गळती

आजचा अख्खा रविवार अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेला. अण्णा घरचं विमान बांधतायत, हे आता सगळ्यांना माहीत आहेच. (परवानगीचं विचारू नका. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना किती वर्षं लागली ते आठवा.)

पेट्रोलची टाकी पंखातच आहे. पंखाखाली पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटभोवती निळा डाग दिसला. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं रंगवलेलं असतं. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो. पण डाग तिथंच भोक असेल असं नाही. जोडाच्या फटीतनं सरकत ते भलतीकडंच बाहेर निघतं. म्हणून टाकी रिकामी केली, वाफ घालवली, तोंडं बंद केली आणि एका नळीला फुगा बांधून अगदी हलकी हवा भरली. फुगा अशासाठी, की दाब वाढलाच तर त्यानं फुटावं, टाकीनं नाही. वरून साबणाचं पाणी. बुडबुडे आले ते डागापासून चांगले वीतभर लांब!

शेजारचा वेल्डर म्हणाला, "द्या की इकडं, एक टाका मारतो." अण्णांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच बघत असते.

मग आतून जुना लेप खरवडणं, एमईके या द्रावकानं पुसणं आणि पॉलिसल्फाइड सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा रबरासारखा लेप लावणं. आपल्या सोलापूरच्या उन्हात ते कालवता कालवताच घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे थोडं थोडंच घ्यायचं. नखातलं काळं अजून निघालेलं नाही.

आता ते पक्कं होईपर्यंत पेट्रोल भरायचं नाही. अण्णांना तेवढा दम निघेल का, शंकाच आहे.