उलटा पीळ

कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक दुपारच्या वाऱ्यात सुटून लोंबत होतं. नायलॉनची गाठ कितीही आवळा, ऊन चढेस्तोवर ती निसटणारच. टोकाचे तीन पेड तीन दिशांना फाकलेले. ते पुन्हा गुंडाळायला जावं तर चिमटीत बसतात, सोडलं की परत फाकतात. दोर वळणं हे बोटांचं काम नव्हेच. त्याला लांबच लांब जागा लागते, आणि दमट हवाही.

अशी जागा इंग्लंडात डर्बीशायरच्या कॅसलटन गावाला आयती मिळाली. गावामागच्या चुनखडीच्या कड्याला पीक कॅव्हर्न ही गुहा आहे. तोंड साधारण 30 मीटर रुंद, 18 मीटर उंच. माथ्यावर पेव्हरिल किल्ल्याचे पडके तट, पोटातून वाहत येणारा ओढा. पूर ओसरताना आतलं पाणी असे काही आवाज काढतं, की जुन्या लोकांनी गुहेला सरळ ‘सैतानाचं बूड’ म्हटलं. मधल्या सभ्य काळात ते नाव मागे पडलं. आता तिकीट काढून येणाऱ्यांसाठी तेच पुन्हा पाटीवर झळकतं. लाजेचंही दिवसमान बदलतं.

या तोंडाशी सुमारे चार शतकं दोर वळले गेले. वळणाऱ्यांची घरंही आतच होती. चुलींच्या धुराने छत काळं पडलंय, ते अजून तसंच दिसतं. गिऱ्हाईक मुख्यतः आसपासच्या शिशाच्या खाणी. बाहेर पाऊस असो की बर्फ, आत काम चालू, कारण ओढ्यामुळे हवा कायम ओलसर. कोरड्या हवेत हेंपचा वाख, म्हणजे तागासारखे तंतू, चरचरीत होतो, तुटतो आणि त्याचा भुगा नाकातोंडात जातो. ओलाव्यात तो मऊ राहतो आणि पीळ निमूट घेतो.

आधी वाख लोखंडी खिळ्यांच्या फणीवरून विंचरायचा. मग त्याची जुडी कमरेभोवती गुंडाळायची, चार तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि उलट पावली चालत सुटायचं. दुसरा माणूस चाक फिरवतो, तुम्ही चिमटीतून वाख सोडत मागे मागे जाता. सूत जाड-बारीक झालं तर दोष चाकाचा नाही, चिमटीचा. आपल्याकडे घायपाताचं चऱ्हाट वळताना बघितलंय त्याला हे मागे जाणं नवं वाटायचं नाही. पोळ्याच्या आधी तर कासरे आणि दावी अशीच वळली जायची.

अशी बरीच सुतं एकत्र पिळली की एक पेड, आणि तीन पेडांचा दोर. खरी मेख इथे आहे. सुताचा पीळ उजवा असेल तर पेडाचा डावा आणि दोराचा पुन्हा उजवा. तिन्ही पेड एका टोकाला तीन वेगवेगळ्या आकड्यांना, आणि दुसऱ्या टोकाला वजन ठेवलेल्या घसरगाडीच्या एकाच आकड्याला बांधतात. पीळ चढेल तशी लांबी आखडते आणि गाडी कुरकुरत पुढे सरकते. 100 फुटी दोरासाठी सुतं 150 फूट तरी ताणावी लागतात. मग पेडांच्या मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा घालतात, निमुळतं तोंड गाडीकडे करून. त्याला तिथे ‘टॉप’च म्हणतात, आणि दिसतोही भोवऱ्यासारखा. गाडीकडचा आकडा उलटा फिरला की ठोकळ्यामागे दोर मिटत जातो.

ठोकळा घाईने पळू दिला तर दोर ढिला पडतो. फार रोखून धरला तर तो लाकडासारखा ताठ होतो, वेटोळं घेत नाही. गाडीवर वजन कमी पडलं तर पेडांना मधेच आढ्या पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे एक पेड दुसऱ्यांपेक्षा ताणलेला राहणं. दोर दिसायला सुरेख, पण सगळा भार त्या एकट्यावर. आधी तो तुटतो आणि मग उरलेले दोन.

‘सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही’ असं आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. वळणाऱ्याला विचाराल तर एकटा पीळ कधीच टिकत नाही, हात काढला की उलगडतो. तो टिकतो समोरून उलटा पीळ भेटतो म्हणून. सुटू पाहणारा पेड दोराला आवळतो आणि सुटू पाहणारा दोर पेडाला. काही संसार आठवतात, पण ते असो.

1970च्या दशकात इथला शेवटचा दोरवाला निवृत्त झाला. आता पाहुण्यांना हातभर दोर वळून दाखवतात.

त्याच गुहेत खूप आत, 1959च्या मार्चमध्ये, ऑक्सफर्डचा 20 वर्षांचा विद्यार्थी एका अरुंद उभ्या भोकात शिडीवरून उतरला आणि अडकला. वरून सोडलेला दोर हलका होता. ओढताना तुटला. त्याच्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड त्या भोकात साचत गेला आणि तो बेशुद्ध झाला. वाचवायला उतरलेलेही गुदमरू लागले. तो गेल्यावर शेवटी वडिलांनीच सांगितलं, आणखी कुणाचा जीव धोक्यात घालू नका, त्याला तिथेच राहू द्या. भोक बुजवलं. तो अजून तिथेच आहे.