नदालनंतर कोण?

लाल मातीवरचा सर्वांत मोठा पुरुष टेनिसपटू कोण, हे मला आता कुणी विचारत नाही. रोलाँ गॅरोसवर, म्हणजे पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये, 14 विजेतेपदं, 116 सामन्यांत अवघे 4 पराभव. राफाएल नदालवरून वाद घालायचा तरी कसा? विचारतात ते पुढचं: "बरं, त्याच्यानंतर कोण?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

दुसरा बियाँ बोर्ग. सहा फ्रेंच ओपन, आणि तिथे हरला फक्त दोनदा, तेही एकाच माणसाकडून: इटलीचा आद्रियानो पानात्ता. 1981 साली तिथला शेवटचा सामना जिंकला तेव्हा वय होतं 25.

भांडण होतं ते तिसऱ्या जागेवरून. तिथे मी गिलेर्मो विलासला बसवतो. लगेच आवाज चढतात, "त्याचं तर एकच फ्रेंच ओपन! लेंडल, विलांडर, कुएर्तन, जोकोविच, सगळ्यांची तीन-तीन आहेत." आहेत ना. पण मातीवर टप्पा पडला की चेंडू मंदावतो आणि उंच उठतो. दुसऱ्या कोर्टवर संपला असता असा फटका इथे परत येतो. एकच गुण तीनदा कमवावा लागतो. म्हणून मी करंडकांइतकीच सलग विजयांचीही मोजदाद करतो. 1977 मध्ये विलास मातीवर सलग 53 सामने जिंकला. तेव्हा अमेरिकन ओपनही मातीवरच व्हायची. तिथल्या अंतिम सामन्यात त्याने कॉनर्सला चौथ्या सेटमध्ये 6-0 असं धुतलं.

ती मालिका तुटली फ्रान्समधल्या एक्स या गावी. समोर नास्तासे, त्याच्या हातात दुहेरी तारांची 'स्पॅगेटी' रॅकेट. चेंडू कसा उसळेल याचा नेमच नाही. दोन सेट गेल्यावर विलास वैतागून कोर्ट सोडून निघून गेला. पुढे त्या रॅकेटवर बंदी आली, पण पराभव नोंदला गेला तो गेलाच.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो. 1977 ला बोर्ग पॅरिसमध्ये खेळलाच नव्हता, आणि 1978 च्या अंतिम सामन्यात त्याने विलासला 6-1, 6-1, 6-3 असं गुंडाळलं. म्हणून विलास तिसरा, दुसरा नाही.

चौथा जोकोविच. फ्रेंच ओपनमध्ये नदालला दोनदा हरवणारा तो एकटाच.

पाचवा कुएर्तन, आणि इथे मी हिशेब जरा बाजूला ठेवतो, कबूल. 2001 मध्ये त्याने रॅकेटने मातीत भलंमोठं हृदय काढलं होतं. लेंडलने असं काही केल्याचं मला आठवत नाही.