नमुना आठवरची एक नोंद आणि मिशनच्या शाळेचं घर

आमचं घर म्हणजे मिशनची जुनी शाळा. नाशिकपासून गाडीने तासाभरावरचं गाव. काळ्या पाषाणाच्या दोन-दोन फुटी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलं आणि एका टोकाला घंटेचा छोटा मनोरा. माझे आजोबा या शाळेत मास्तर होते. शाळा बंद पडली, गावातल्या ख्रिस्ती मंडळीतली बहुतेक कुटुंबं शहरात आली आणि ट्रस्टने इमारत विकायला काढली. ती पाडून तिथे कोणी गोदाम उभं करण्याआधी आपणच घ्यायची, असं आम्ही नवराबायकोने ठरवलं.

खरेदीत फारसा त्रास झाला नाही. सार्वजनिक ट्रस्टची इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हेच लागू आहे. विश्वस्तांचा ठराव, मूल्यांकनाचा अहवाल, परवानगी, मग खरेदीखत. परवानगी हातात नसताना इसाराचे पैसे देऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

अडलं ते पुढे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे गावातल्या घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, इमारतीच्या वर्णनात ‘प्रार्थनास्थळ’ लिहिलेलं होतं. बँकेने तेवढं वाचलं आणि घरकर्जाची फाइल परत केली. ग्रामसेवक भला माणूस, पण म्हणाला, “ताई, वरून पत्र आल्याशिवाय मला नोंद बदलता येणार नाही.” वरून म्हणजे तालुक्याच्या ठिकाणचं एक कार्यालय. तिथल्या टेबलावर आमचा अर्ज इतके महिने पडून राहिला की त्या लाल दोरीच्या फाइलवरचा डाग मला अजून आठवतो. कधी साहेब दौऱ्यावर, कधी मीटिंगला, कधी आवक क्रमांकच सापडत नाही. शेवटी साहेब भेटले. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “बाई, कमानी दिसतायत, वर घंटा टांगायची जागा आहे. हे चर्चच आहे. चर्चचं घर कसं करणार?”

मला राग आला, कारण इमारत नीट पाहिली असती तर उत्तर तिच्यातच होतं. टोकदार कमान म्हणजे चर्च, हा समज चुकीचा आहे. मिशनने शाळा, दवाखाने, बंगले सगळीकडे तशाच कमानी बांधल्या. नाशिकच्या शरणपूरची वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात उभी केली. गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, आणि त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत गेला. मिशनच्या कामात शाळा आणि उपासना जोडीने चालत. आमच्या गावातही आठवडाभर वर्ग आणि रविवारी त्याच खोलीत उपासना, असं चाललं. पुढे पलीकडच्या गल्लीत स्वतंत्र चर्च झालं. घंटाही तिकडेच गेली.

आमच्या ओळखीच्या वास्तुविशारद मुलीने नकाशा काढून दिला. त्याच्याखाली मी साध्या मराठीत लिहिलं: चर्चची वेदी परंपरेने पूर्वेला असते आणि मुख्य दार तिच्यासमोर, पश्चिमेला. इथे दार दक्षिणेच्या लांब भिंतीत आहे. पूर्वेच्या टोकाला ना पायऱ्या आहेत ना उंचवटा. तिथे भिंतीतच घोटलेला काळ्या गिलाव्याचा चौकोन आहे, फळा म्हणून केलेला, आणि त्याच्या कडेला खडू ठेवायची लाकडी पट्टी अजून शाबूत आहे. खिडक्यांचे उंबरे माझ्या खांद्याएवढे उंच, म्हणजे खाली बसलेल्या पोराला बाहेरचा रस्ता दिसू नये.

तेवढ्यानेही हललं नसतं. हललं ते परिशिष्ट १ च्या उताऱ्याने. ट्रस्टच्या मिळकतींची नोंद धर्मादाय कार्यालयात या परिशिष्टावर असते, आणि तिथे आमच्या इमारतीपुढे स्वच्छ लिहिलं होतं, ‘शाळागृह व पटांगण’. नकाशा आणि उताऱ्याची साक्षांकित प्रत जोडून नवा अर्ज टाकला. दरम्यान साहेब बदलले होते. नव्या बाईंनी माझ्यासमोर सगळं वाचलं आणि फळ्याचा फोटो दोनदा पाहिला. आठवडा संपायच्या आत पत्र निघालं. त्या दिवशी मी कार्यालयाच्या आवारात उभी राहून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुमचं काही असं असेल तर हा उतारा खरेदीच्या वेळीच काढून ठेवा.

बांधकामाचं सांगायचं तर, आधी कोणीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला होता. दगडात मुरलेलं पावसाचं पाणी त्यामुळे बाहेर पडायचं बंद झालं आणि कमरेपर्यंत लोणा लागला. आम्ही तो सगळा खरवडून काढला आणि पुन्हा चुना वापरला. विरवलेला चुना, वाळू, विटांची सुरखी, आणि पाण्यात गूळ व हिरडा. हे काम जाणणारा गवंडी मिळणं सर्वांत कठीण. आमचा गवंडी वयस्क होता. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, भरल्यावर रोज स्वतः गोणपाट ओले करायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

पोटमाळा करायचा असेल तर खिडकीच्या मधून स्लॅब नेऊ नका. कमान अर्धी कापली की खालची खोली बुटकी होते आणि वरची आंधळी. आमचा माळा लोखंडी खांबांवर वेगळा उभा आहे, भिंतीपासून दोन फूट लांब. त्याच्याखाली स्वयंपाकघर. उन्हाळ्यात गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याजवळ हवेची कौलं ठेवली आणि कौलांखाली फळ्या मारल्या. पुन्हा केलं तर हेच करीन.

आणि एक राहिलं. दुरुस्त नमुना आठ मिळाला की कार्यालयाच्या खिडकीपासून हलण्याआधी वर्णन, क्षेत्रफळ आणि नाव तिन्ही वाचा. आमच्या पहिल्या प्रतीवर वर्णन बरोबर आलं, पण मालक म्हणून ट्रस्टचंच नाव राहिलं होतं. तिथल्या तिथे दाखवलं म्हणून ते त्याच दुपारी दुरुस्त झालं.