टवका

माशांच्या काचेच्या टाकीला आज पाइपसाठी दोन भोकं पाडली आणि टाकी फुटली नाही. खरंतर खूश असायला हवं, पण साडेअकरा वाजलेत आणि मी ओट्याला टेकून हे टाइप करतोय.

पहिलं भोक एकदम शिस्तीत झालं. मागची काच टफन (तापवून कडक केलेली) नाही हे कालच बघून घेतलेलं, पाठीमागे लॅपटॉपची पांढरी स्क्रीन आणि डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल, टफन असती तर पट्टे दिसले असते आणि मग भोक विसरा, आख्खी काचच तांदळासारखी खाली. चिनूच्या क्लेचं आळं केलं, त्यात पाणी, आतून टेप, ड्रिल बॅटरीवालं कारण पाण्याजवळ वायरवालं धरायची आपली हिंमत नाही. ४५ एमएमचा डायमंड बिट तिरका टेकवून आधी चंद्रकोर, मग हळूहळू सरळ. दाबायचं अजिबात नाही, ड्रिलचं वजन पुरतं. १० एमएम काचेला बारा मिनिटं लागली. चकती टेपवर अलगद बसली, चिनूने लगेच पळवली.

दुसरं सात मिनिटांत झालं. तिथेच घोळ आहे.

शेवटी काच पातळ झाली की आवाज बदलतो. तो मला ऐकू आला. न ऐकता दाबलं असतं तर एक वेळ ठीक, पण मी ऐकलं आणि मग दाबलं. का? घाई कसलीच नव्हती, रविवार होता. टक्क झालं आणि आतल्या बाजूने टवका उडाला, दाण्याएवढा. नेमका जिथे निपलचा, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायच्या तुकड्याचा, वायसर बसतो तिथे. वायसरखाली झाकला गेला म्हणा, कोणाला दिसणार नाही.

दादाला फोटो पाठवला तो पहिल्याचाच. खाली लिहिलं, दोन्ही मस्त झाली.

टाकी त्याची, मासे त्याचे, जाताना "तू बघ आता" म्हणून मोकळा, आणि इथे सम्प (फिल्टरची खालची टाकी), पाइप, पाणी, बाकीचंही सगळं मीच बघायचं. बाकीच्याचं जाऊ दे. पण मग एवढं सगळं करून त्याला खोटं का सांगितलं, तेही टवक्यावरून? तो काय ओरडणार होता? चाळिशी आली माझी.

संध्याकाळी निपल हातानेच आवळला, पाना लावला नाही (शहाणपण उशिरा येतं), पाणी भरलं, दोन्ही निपलांखाली टिश्यू ठेवले. ही म्हणाली, बाळाचा लंगोट बघतोस तसा काय बघतोयस दर दहा मिनिटांनी. हसलो. चुकीचं काही बोलली नाही.

दहाला दादाचा मेसेज. "वायसर आतून लावलास ना? टवका आतल्याच बाजूने उडतो."

झालं. दीड तास झाला, रिप्लाय लिहितोय आणि खोडतोय. थांबा, टिश्यू बघून येतो.

कोरडा आहे. दोन्ही कोरडे.