तेविसावी वाटी

आमच्या शेजारच्या काकू दर आषाढीला पंढरपूरला जातात. त्यामुळे नोव्हेंबर सरत आला की त्या मला विचारतात, "तुझी वारी कधी गो?" आता माझ्याही तोंडी तोच शब्द बसलाय. सावंतवाडी ते जुनं गोवं, सुमारे ७० किलोमीटर. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं, आमच्या सायबाचं फेस्त म्हणजे सण, त्याआधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना. आम्ही तेवीस जण १ तारखेला पहाटे निघालो.

आई गेल्यानंतरचं हे पहिलं फेस्त. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाता येत नाही याचा तिला फार घोर लागलेला. "हिशेबात कमी पडणार मी," म्हणायची. लहानपणी दोतोर्नीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हीही स्वर्ग असाच शिकलो होतो, एका बाजूला पापं, दुसऱ्या बाजूला पुण्य. मी तिला समजावायचे, पण माझ्याच मनात खात्री नव्हती. ती खात्री मागायलाच मी सायबाकडे निघाले होते.

बांद्यापर्यंत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत, गात मजेत गेलो. पत्रादेवीनंतर माझी डावी टाच सोलवटली. पेडण्याच्या पुढे पाऊल टेकवेना. "तुम्ही व्हा पुढे, मी येते," असं मीच म्हटलं. मग हायवेच्या कडेनं दोन तास एकटी. ट्रकांचा धुरळा, डोक्यावर मोप्याला उतरणाऱ्या विमानाचे दिवे. प्रार्थनेचे शब्दही आठवत नव्हते. नुसतं "आई, आई" चाललं होतं.

धारगळला मुक्कामाच्या घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. अंगणात तुळस, ओटीवर आमची माणसं ओळीनं झोपलेली. पायरीवर घरची बाई बॅटरी घेऊन बसली होती. साठीची असेल. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "तेवीस वाट्यो काडिल्ल्यो. बावीसच परत आयल्यो."

तिनं आतून वाटी आणली. वाटीवर ताटली, ताटलीवर मांजरासाठी वरवंटा ठेवलेला. उकड्या तांदळाची पेज अजून कोमट होती, सोबत मिठातलं तोर, म्हणजे कैरी. मी जेवत होते तेवढ्यात तिनं घमेल्यात मीठ घातलेलं गरम पाणी आणून माझ्या पायांशी ठेवलं. मी कुठली, कुठल्या देवाची, काही विचारलं नाही.

शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णव सोडून निघालेला बायबलातला मेंढपाळ मी शेकडो वेळा ऐकलाय. पण तो मोजतो कशासाठी, हे मला त्या रात्री कळलं. आईच्या चुकलेल्या मिसा मोजायला तिथे कोणी बसलेलं नाही. तिची वाटी परत आली नाही, म्हणून कोणीतरी जागं आहे. पाण्यात पाय सोडून मी खूप रडले. त्या बाईनं रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी कोलवाळचा पूल, म्हापसा, पणजी, मग रायबंदरची ती नदीकाठची सरळ वाट. चालताना सायबाचाच विचार होता. १५५२ साली चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट बघत तो गेला. तिथेच पुरलाही. पण त्याला तिथे ठेवलं नाही. आधी मलाक्क्याला आणि १५५४ मध्ये गोव्यात आणलं. मागे राहिलेल्यासाठी तेव्हाही कोणीतरी वळलंच होतं.

संध्याकाळी बाझिलिकेच्या त्या बिनगिलाव्याच्या लाल भिंतींपाशी रांगेत उभे राहिलो. आत उंचावर सायबाचा देह ठेवलेली चांदीची पेटी. रांग हळूहळू सरकत दारापर्यंत आली. मी सहज मागे वळून आमची माणसं मोजली. बावीस. पुन्हा मोजली. आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी नव्हती.

पुढच्याच्या हातात माझी मेणबत्ती दिली आणि रांगेतून बाहेर पडले.